शेंगदाणे आणू नकोस

चि. मुक्ता,


सप्टेंबरअखेर तू येतेयस आणि अल्गॉन्क्विनच्या जंगलात चिपमंकचे फोटो काढायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! वेळ अगदी नेमकी निवडलीस. तेव्हा इथले शुगर मेपल केशरी-तांबडे झालेले असतात, बीचच्या झाडांखाली बिया पडू लागतात आणि चिपमंक दिवसभर कोठार भरण्याच्या मागे असतो.

फक्त तिकडच्या खारीसारखा त्याला फांद्यांवर शोधू नकोस. झाडावर तो चढतो, पण त्याचं बिऱ्हाड जमिनीखाली. पाठीवर पाच गडद पट्टे आणि तोंडावरही डोळ्याच्या वर-खाली फिकट रेघा. इथे लाल खारीही पुष्कळ आहेत, घाईत गल्लत होते. तोंडावरच्या रेघा पाहिल्या की शंका उरत नाही.

बीळ शोधण्यात वेळ घालवू नकोस. त्याचं तोंड जेमतेम पाच सेंटिमीटरचं, आणि बाहेर मातीचा ढीगही नसतो. त्यापेक्षा कान दे. जमिनीवरून कोल्हा किंवा माणूस येताना दिसला की तो 'चिप-चिप' असा चिरका आवाज एकसारखा काढत राहतो. वर ससाणा घिरट्या घालत असेल, तर आवाज खालच्या पट्टीतला, 'टक-टक' असा येतो. तो ऐकलास तर कॅमेरा राहू दे, आधी आभाळाकडे बघ.

आवाजाचा माग लागला की जवळचा एखादा आडवा पडलेला ओंडका निवडायचा. असे ओंडके म्हणजे त्याच्या जाण्या-येण्याच्या वाटा. तिथे पालथं पडायचं, कॅमेरा जमिनीला टेकवायचा आणि हलायचं नाही. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसती पाठ येते. त्याच्या उंचीवर उतरलं की डोळा मिळतो. शटर एक हजारांशापेक्षा हळू ठेवू नकोस. झाडीत उजेड कमी, म्हणून आयएसओ बेलाशक वाढव, थोडे दाणे आले तर येऊ देत. ढगाळ दिवस सर्वांत चांगला, कारण उन्हाचे कवडसे त्या पट्ट्यांची पार वाट लावतात.

मागच्या वर्षी असाच एक चिपमंक माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन मागच्या पायांवर बसला. बीचचं काटेरी फळ पुढच्या पंजांत फिरवत त्याने सोललं, बी काढली, एका गालात सरकवली; मग दुसरी दुसऱ्या गालात. बघता बघता गालगुंड झाल्यासारखं तोंड फुगलं. मग शेपूट ताठ उभं करून जो पळाला, तो ओंडक्यापलीकडे दिसेनासा झाला.

ते गाल म्हणजे त्याचा हिवाळा आहे, मुक्ता. अस्वलासारखी चरबी साठवून तो झोपत नाही. थंडीत त्याचं अंग गार पडतं, श्वास मंदावतो, आणि दर काही दिवसांनी जागा होऊन तो कोठारातलं खातो. म्हणून तुला कळकळीने सांगते, शेंगदाणे आणू नकोस. गाड्या लावायच्या जागेवर लोक हातावर दाणे ठेवून फोटो काढतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. माणसाला सोकावलेला चिपमंक रस्त्यावर येतो, चाकाखाली जातो. शिवाय त्या फोटोत ना बीच असतो, ना ओंडका, ना येणारी थंडी. असतो तो फक्त आपला हात. इतक्या लांबून तू त्यासाठी येत नाहीयेस.

तीनशे मिलिमीटरची लेन्स माझ्याकडे आहे, ती ओझ्यात धरू नकोस. जाड पँट मात्र आण, जमीन ओली आणि गार असते. उजाडताच निघायची घाई नाही. गारठ्यात तोही ऊन वर आल्यावरच बाहेर पडतो. ताईला सांग, तुला सकाळी पोटभर खायला घालूनच जंगलात नेईन.

तुझी,
मावशी