विभक्ती वेगळी, कारक वेगळे

'मजुराने कोयत्याने ऊस तोडला.' कोल्हारच्या आसपास, प्रवरेकाठच्या ऊसपट्ट्यात हे वाक्य हंगामात कोणाच्याही तोंडी येईल. त्यात 'ने' दोनदा आला आहे. दोन्ही नामांची विभक्ती तृतीया. पण मजूर तोडणारा म्हणून कर्ता, आणि कोयता तोडण्याचे साधन म्हणून करण. आता 'मजूर ऊस तोडतो' आणि 'मजुराला ऊस तोडवत नाही' ही वाक्ये पाहा. पहिल्यात प्रथमा, दुसऱ्यात चतुर्थी. कर्ता मात्र दोन्हीकडे मजूरच. विभक्ती हे नामाचे रूप आहे, कारक हे त्या नामाचे क्रियेशी असलेले नाते आहे. व्याकरण शिकवणाऱ्याने हा भेद पहिल्या धड्यापासून जपला पाहिजे. 'चतुर्थी म्हणजे संप्रदान', म्हणजे ज्याला दिले जाते तो, हे 'उसाला पाणी दिले' या वाक्यात खरे ठरते. 'कोल्हारला भगवतीचे देऊळ आहे' यात तोच 'ला' ठिकाण दाखवतो. 'भंडारदऱ्याहून पाणी सुटले' यात पंचमी वियोग सांगते, 'प्रवरेहून गोदावरी मोठी' यात तुलना. 'प्रवरेचा पूल' यातली षष्ठी तर नामाला नामाशीच जोडते, क्रियेशी नाही. म्हणूनच पाणिनीय परंपरेत विभक्ती सात आणि कारके सहा.

विभक्ती आणि कारकांच्या जोड्यांचा तक्ता पाठ असला की परीक्षेत गुण मिळतात, असे कोणी म्हणेल. सुरुवातीला तक्त्याचा आधार जरूर घ्यावा. पण विभक्ती कोणती आणि कारकार्थ कोणता हे प्रश्न परीक्षेतही वेगवेगळे येतात, आणि तक्त्यावर विसंबलेला विद्यार्थी तिथेच अडतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मराठीत द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच, मग अर्थ पाहिल्याशिवाय विभक्तीचे नाव ठरणार कसे? हे खरे आहे. 'मुलाला बोलावले' यात द्वितीया आणि 'मुलाला खाऊ दिला' यात चतुर्थी म्हणताना आपण रूप नव्हे, नातेच पाहतो. विभक्तींची चौकट संस्कृतातून आली; मराठीत रूपे एकवटली, नावे तेवढी राहिली. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 साली निघाले, तेव्हापासून मराठी या चौकटीशी झगडते आहे. पण म्हणून हा भेद पुसण्याचे कारण नाही. उलट नाव कशावरून दिले, हे विद्यार्थ्याला उघड सांगण्याची गरज वाढते. शिक्षकांना माझी विनंती एवढीच: आधी क्रिया कोणती आणि तिच्याशी नामाचे नाते काय ते विचारा, प्रत्यय त्यानंतर.