नेट बंद, पण जाळे चालू



मागच्या वर्षीची गोष्ट. सहामाही परीक्षेचा निकाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. दुपारी शाळेसमोरच्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी खोदकाम चालू होते, त्यात इंटरनेटची केबल तुटली. कार्यालयातून निरोप आला, "सर, नेट गेले." आम्ही लगेच फळ्यावर सूचना लिहायला सांगितली, की तांत्रिक कारणामुळे उद्याचा निकाल पुढे ढकलण्यात येत आहे. देवास आणि महूहून रजा काढून येणाऱ्या पालकांना फोनही सुरू झाले.

ती सूचना वाचून नववीची एक विद्यार्थिनी धीर करून आमच्या खोलीत आली. म्हणाली, "सर, निकालाची फाइल तर लॅबमधल्या सर्व्हरवर आहे ना? प्रिंटरही शाळेतच आहे. मग नेट कशाला पाहिजे?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिच्यासोबत कार्यालयात गेलो, संगणकावर फाइल शोधली, ती उघडली. संध्याकाळपर्यंत सगळी निकालपत्रके छापून झाली. फळा पुसला आणि पालकांना पुन्हा फोन केले.

घरी गेल्यावर मात्र चैन पडेना. अशीच चूक आमच्या हातून पूर्वी एकदा झाली होती, आणि तेव्हा नुसता फळा पुसून भागण्यासारखे नव्हते.

२००१ साली आम्ही शाळेत विज्ञान शिकवत होतो. संगणक कक्षासाठी दहा जुने संगणक देणगी मिळाले आणि आम्हाला तिथले प्रमुख केले. आमचे कॉलेजचे शिक्षण हिंदी माध्यमातले. एका हिंदी पुस्तकातून 'स्थानीय क्षेत्र नेटवर्क'ची व्याख्या पाठ केली होती आणि तीच मुलांकडून पाठ करून घेत होतो. एके दिवशी दहाचे दहा संगणक एकमेकांशी बोलायचे बंद झाले. शेवटच्या संगणकावर आठवीचा एक मुलगा बसला होता. आम्ही त्यालाच धरले. "काय केलेस?" तो म्हणाला, "काही नाही सर." आम्हाला ते खरे वाटले नाही. वर्गासमोर रागावलो आणि महिनाभर त्याला लॅब बंद केली.

दोन दिवसांनी दुरुस्तीवाला आला. शेवटच्या संगणकामागचे एक छोटे टोपण त्याने घट्ट बसवले आणि सगळे चालू झाले. ते टोपण आपोआप सैल झाले होते. तेवढ्याने दहा संगणक कसे बंद पडले हे आम्ही विचारले नाही. विचारले असते तर आपले अज्ञान उघडे पडले असते.

आता त्याचे कारण सांगतो. त्या जाळ्याची रचना 'बस' पद्धतीची होती. म्हणजे एकच जाड केबल सगळ्या संगणकांमागून गेलेली, वाळत घालायच्या दोरीसारखी. अशा केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टोपण लागते, त्याला टर्मिनेटर म्हणतात. टोकाशी पोचलेला संदेश ते शोषून घेते. ते निघाले की संदेश टोकावरून उलटा फिरतो, येणाऱ्या संदेशात मिसळतो आणि कोणालाच काही कळेनासे होते. दोष एका टोकाला आणि बंद मात्र सगळे, हा त्या रचनेचाच गुण. मुलाचा त्यात काय दोष?

आज आपल्या लॅबमध्ये 'स्टार' रचना आहे. प्रत्येक संगणकाची वेगळी तार मधल्या एका पेटीत, म्हणजे स्विचमध्ये जाते. तांब्याच्या अशा तारेची लांबी १०० मीटरपर्यंत ठेवतात. एक तार तुटली तर तेवढा एकच संगणक बंद पडतो. मात्र पेटी बिघडली तर सगळे थांबते. म्हणून आता सगळे बंद पडले तर आधी पेटी पाहायची आणि एकच बंद पडला तर त्याची तार पाहायची. मुलाकडे बोट दाखवण्याची वेळच येत नाही.

दुसरा फरक आवाक्याचा. मोबाइल आणि कानातला ब्लूटूथ यांचे जाळे साधारण खोलीभर, म्हणजे दहाएक मीटरचे. त्याला पॅन म्हणतात. एका इमारतीतले किंवा आवारातले ते लॅन. ते आपले स्वतःचे असते, तार आपली आणि पेटीही आपली. लॅनमध्ये आज सर्रास वापरली जाणारी इथरनेट पद्धत १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांच्या कल्पनेतून सुरू झाली. शहरभर पसरलेले ते मॅन. आणि गावोगाव, देशोदेशी जाणारे ते वॅन. रेल्वेचे आरक्षण हे आपल्या रोजच्या माहितीतले वॅन. १९९९ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांना जोडली गेली. आज इंदूरच्या खिडकीवर बसून पुण्याहून परतीचे तिकीट काढता येते, ते या जोडणीमुळे.

इंटरनेट म्हणजे या सगळ्या जाळ्यांचे जाळे. त्याची सुरुवात म्हणता येईल असे अर्पानेट २९ ऑक्टोबर १९६९ रोजी पहिल्यांदा बोलले. 'लॉगिन' हा शब्द इंग्रजीत पाठवायचा होता. एल आणि ओ ही दोनच अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला! तेव्हा जाळे बंद पडण्याची परंपरा जुनीच आहे.

वॅन आणि लॅन यांतला खरा फरक अडचणीच्या वेळी कळतो. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. इतक्या दूरच्या तारेवर आपले काम अवलंबून असते. पण त्या दिवशीही एखाद्या कार्यालयातल्या दोन टेबलांवरचे संगणक एकमेकांना फाइल देऊ शकत होते, कारण त्यांची तार त्यांच्याच भिंतीवरून गेलेली होती. आपल्या निकालाच्या वेळी हेच झाले. रस्त्यावरची तार तुटली होती, शाळेतली शाबूत होती. आम्ही दोन्हींना 'नेट' या एकाच नावाने ओळखत होतो, म्हणून फसलो.

गेल्या महिन्यात त्या आठवीतल्या मुलाचा नंबर मिळवून फोन केला. तो आता पुण्यात नोकरीला आहे. टोपणाची हकिकत सांगितली आणि क्षमा मागितली. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, आठवते मला. त्यानंतर लॅबमध्ये मी कशाला हातच लावत नव्हतो. भीती वाटायची." पुढे आमच्या तब्येतीची चौकशी करून त्याने फोन ठेवला. एवढ्या वर्षांचे ते वाक्य आम्हाला लागले, आणि लागायलाच हवे होते.

मुलांनो, लॅबच्या दारावर आता एक कागद लावला आहे. त्यावर तीन प्रश्न आहेत. बंद एक आहे की सगळे? बिघाड शाळेच्या आत आहे की बाहेर? हवी ती वस्तू कुठे ठेवलेली आहे? काही अडले तर आधी हे तीन प्रश्न विचारा. 'हे कोणी केले' हा प्रश्न त्या कागदावर नाही. आमच्या तोंडून तो निघाला, तर त्या नववीच्या मुलीप्रमाणे खुशाल खोलीत येऊन आम्हाला टोका.