आपल्या घरातला धोटा

चि. पोरी,


फोटोत तुला दिसलेली दोन्ही टोकांना निमुळती लाकडी वस्तू म्हणजे धोटा. मागावर आडवा धागा नेतो तो. पणजोबा विणकर होते का, असं तू विचारलंस. नव्हते. त्यांना होऊ दिलं नाही.

माझे आजोबा मुंबईत परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईला होते. विणाई खात्यात पगार बरा, पण तिथे आपल्या माणसांना मज्जाव. कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि धाग्याचं टोक तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढायचं. तोच धोटा पुढे आपल्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्य कामगारांसोबत साचा, म्हणजे माग, चालवायला तयार नसत.

आधी आजोबांनी ते मुकाट सोसलं. मार्च १९२७ मध्ये महाडला आपल्या लोकांना बंद असलेल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली, आणि मग त्यांचा जीव त्या खात्यात रमेना. तळ्यावर आपला हक्क, तर साच्यावर का नाही?

१९२८ चा मोठा गिरणी संप सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. घरोघर उधारी थकली. तरी सुरुवातीला मागण्यांत विणाई खात्यातल्या बंदीबद्दल अक्षर नव्हतं. ही मागणी घेतली नाहीत तर आमच्या लोकांना संपात उतरू देणार नाही, असं बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली. मालकांनी सांगितलं, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. मालक खरं बोलत होते, आणि आजोबांना तेच सर्वांत जास्त लागलं.

तरीही ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला, त्यात आजोबा उतरले. मालकाशी भांडण वेगळं, शेजाऱ्याशी वेगळं, आणि दोन्ही लढायची, असं ते म्हणत. मला ते पूर्ण पटतं.

धोटा त्यांनी म्हातारपणी जुन्या बाजारातून विकत आणला. नोकरी संपेपर्यंत ते त्रासनमध्येच होते.

कुणाला गिरणगावातल्या कामगारांच्या एकजुटीबद्दल सांगशील, तेव्हा विणाई खात्याच्या दाराचंही सांग. ते गाळू नकोस.

तुझा,
काका