पण आणि पाटल्या

पणजीत मांडवीच्या काठाने संध्याकाळी चालत गेले, की पाण्यावरच्या जहाजांच्या रोषणाईने डोळे दिपतात. ही जहाजे कोठेही जात नाहीत. माणसांनी चालवलेली पत्त्यांची आणि रुलेटची टेबले गोव्यात जमिनीवर मांडता येत नाहीत, पाण्यावर मांडता येतात. तेवढ्यासाठी ती तरंगत ठेवलेली आहेत. १९७६च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना वाट मिळाली, १९९६ साली जहाजांवरील टेबलांना. १ फेब्रुवारी २०२०पासून गोव्याच्या रहिवाशांना तेथे खेळण्यास मनाई झाली. जुगार वाईटच, मात्र पाहुण्यांसाठी नव्हे, असा काहीसा त्याचा अर्थ. आपल्या महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोंसाठी एक कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. अभ्यासक्रमात लावलेले आणि कोणीच न वाचलेले पुस्तक आम्हा प्राध्यापकांना नवे नाही. कायद्यांतही ते असते, हे मात्र नव्याने कळले.

नवऱ्याच्या कार्यालयाने शनिवार-रविवारची सहल ठरवली आणि आम्ही अशाच एका जमिनीवरील हॉटेलात उतरलो. खोली छान होती. खोलीबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. तळमजल्यावरच्या दालनात मात्र मी दोन्ही रात्री बराच वेळ बसले. तेथे खिडकी नव्हती, घड्याळ नव्हते. मऊ गालिच्यात पावलांचा आवाज बुडत होता आणि यंत्रांचा किणकिणाट अखंड चालू होता. कोणी हरले तरी यंत्र आनंदाचाच आवाज काढत होते. एक पन्नाशीच्या बाई खुर्चीच्या कडेला बसून एकटक बटण दाबत होत्या. मागे त्यांचे यजमान त्यांची पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभे होते. त्या मान न वळवता हात मागे करीत. ते पर्स उघडून नोटा काढून देत. दोघांत एक शब्द होत नव्हता. मला त्या गृहस्थांच्या जागी माझी आई दिसू लागली.

माझे वडील आकडा लावत. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे टपरी होती, तेथे चिठ्ठी मिळे. रात्री पडलेले स्वप्न, बसच्या पाटीवरचा क्रमांक, कोणाच्या बाराव्याची तारीख, या सगळ्यांतून त्यांना आकडे दिसत. दहांतला एक आकडा आला, तर रुपयाला नऊ मिळत. रुलेटच्या चाकावर शून्य धरून सदतीस घरे असतात आणि एका घरावर लावलेला रुपया लागला, तर तो धरून छत्तीस हाती येतात. हिशोब केला तर शंभर रुपयांमागे दीर्घकाळात कॅसिनो पावणेतीन रुपयांच्या आसपास ठेवतो, बाबांची टपरी दहा ठेवत होती. गरिबाचा जुगारही महागच!

‘पणाला लावणे’ यातला पण म्हणजे डावावर मांडलेली वस्तू. आणि आपले उभयान्वयी ‘पण’ संस्कृत ‘पुनः’पासून आले. दोन्हींचे कूळ वेगळे. बाबांच्या बोलण्यात मात्र ते एकत्र नांदत. ओपन आला होता, पण क्लोजने घात केला. जोडी लागलीच होती, पण उलटी.

मी सातवीत असताना आईच्या पाटल्या गेल्या. बाबांनी मागितल्या, तिने हातांना साबण लावून काढून दिल्या. पुढे तिच्या हातांत बेंटेक्सच्या आल्या.

पदव्युत्तर वर्गाला मी ‘लीळाचरित्र’ शिकवते. चक्रधर पूर्वाश्रमी हरिपाळदेव असताना द्यूतात हरतात, पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागतात आणि ती नाही म्हणते. वडील देणे फेडतात. पण मन उडालेले असते, ते रामयात्रेच्या निमित्ताने घर सोडतात. हा प्रसंग वैराग्याची पूर्वपीठिका म्हणून शिकवण्याची रीत आहे. नकार हे निमित्त, कमळाइसा हे साधन, की पुढे निघालो! तिच्या बाजूने एखादा प्रश्न वर्गात विचारला, तर मुले वहीत काय लिहावे या विवंचनेने माझ्याकडे पाहतात. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त दहा सुवर्णांच्या देण्यापायी पळणारा संवाहक रिकाम्या देवळात मूर्तीसारखा उभा राहतो, पुढे वसंतसेना आपला हातातला अलंकार देऊन त्याला सोडवते आणि तो भिक्षू होतो. एकीने नाकारले, एकीने दिले. दोन्हीकडे जुगारी विरक्त झाला. वाङ्मयाला हे सोयीचे आहे. आमचे बाबा पाटल्या घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टपरीवर दिसले. ते विरक्त झाले नाहीत, घरीही राहिले, आणि निवृत्तीपर्यंत नोकरी करून आमचे शिक्षणही झाले. अशा माणसाला कोणत्या प्रकरणात बसवावे?

दुसऱ्या रात्री आईला फोन केला. कोठे उतरलो ते सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिथं जेवण देतात म्हणे.”

“देतात. जहाजावर तर प्रवेशाच्या पैशांतच असतं.”

“हरलं तरी?”

“हरलं तरी.”

“बघ. हे उपाशीच यायचे गं.”

तीस वर्षांत जे विचारले नव्हते, ते मी तेव्हा विचारले. “आई, पाटल्या का दिल्यास?”

“नसत्या दिल्या तर बाहेरनं उचलले असते. ते कळलं नसतं किती ते. पाटल्या चार तोळ्यांच्या होत्या. चार तोळे गेले, एवढं तरी माहीत होतं मला.”

जूनपासून पुन्हा ‘लीळाचरित्र’ सुरू होईल. कमळाइसेला नकारानंतर त्या घरात काय काय मोजत बसावे लागले असेल, हे पोथीत नाही. या वर्षी मुलांना तेवढेच लिहून आणायला सांगणार आहे. पाने कितीही होवोत.