डोंग्याला वॉरंटी नसते!

आउटबोर्ड मोटारीचा प्रॉपेलर मोडला, की हौशी बोटवाल्यांचे वीकेंडच्या वीकेंड पाण्यात जातात. डीलर, कंपनी, बाहेरून येणारा पार्ट... तोवर बोट किनाऱ्यावर! आता हीच बोट भामरागडला असती तर?

गडचिरोली जिल्ह्याच्या या टोकाला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकमेकींना भेटतात. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. सीन एकदम झक्कास! पण पाण्याखाली खडक, पुरात वाहून येणारे ओंडके आणि गाळ. प्रॉपेलर आपटून मोडला, की वॉरंटी सहसा हात वर करते. गाळानं पंपाचा इम्पेलर खाल्ला, तर ती म्हणे 'झीज'!

इथल्या माडियांचा डोंगा एकाच खोडातून कोरलेला. ना इंजिन, ना सर्व्हिस सेंटर. वल्हं मोडलं तर लाकूड जंगलात आणि कारागीर गावातच.

पण लगेच रोमँटिक होऊ नका. डोंगा कलंडतो. आणि पुरात त्यात बसणारा पिकनिकला निघालेला नसतो. कधी तापानं फणफणलेलं पोर असतं, कधी अडलेली बाळंतीण. २०१९च्या पावसाळ्यात पुरामुळे भामरागडचा संपर्क वारंवार तुटला. अशा वेळी इंजिनाची बोट बंद पडली आणि पार्ट आठ दिवसांनी आला, तर काय उपयोग? इथे स्पेअर पार्ट पावसाच्या आधी पोचायला हवा.

कसं जाल? रेल्वेनं बल्लारशाह, पुढे रस्त्यानं आलापल्लीमार्गे भामरागड. थोडं अलीकडे हेमलकसा. १९७३ साली सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प आणि त्याचा दवाखाना इथलाच. पावसाळा टाळा. तुम्हाला तो टाळता येतो.