खडकलाटच्या सुलोचनाबाई

मोठी माणसे मोठ्या शहरांतच जन्माला येतात, असा आपल्या खेड्यांतील मुलांचा एक समज असतो. पाठ्यपुस्तकांत ज्यांचे धडे असतात ती माणसे पुण्याची, मुंबईची, फार तर कोल्हापूरची. आपल्या येळ्ळूरसारख्या गावात शेतकरी, पहिलवान आणि गवंडी जन्माला यावेत, कलावंत मात्र दुसरीकडे, असे त्यांना वाटते. हा समज खोडून काढावयास मला फार लांब जावे लागत नाही. निपाणी-चिकोडी भागात खडकलाट नावाचे एक गाव आहे. तंबाखूची शेते, उसाचे फड आणि काळी माती यांच्या सोबतीने वसलेले हे गाव. तेथे ३० जुलै १९२८ रोजी एक मुलगी जन्मली. पुढे साऱ्या महाराष्ट्राने आणि हिंदी भाषिक भारतानेही तिला आई म्हणून ओळखले. त्या म्हणजे सुलोचना लाटकर, अर्थात सुलोचनादीदी.

हे नाव मी प्रथम ऐकले ते आमच्या आजीच्या तोंडून. आजीला अक्षरओळख नव्हती. परंतु तिने आयुष्यात जे मोजके चित्रपट पाहिले, ते तिला शेवटपर्यंत पाठ होते. भात मळणीला येण्याआधी जे चार निवांत दिवस मिळत, त्या दिवसांत शेजारच्या बायका मिळून बेळगावला चालत जात आणि चित्रपट पाहून रात्री कंदिलाच्या उजेडात परत येत. 'मोलकरीण' पाहून आल्यावर कोणी वाटेत बोललेच नाही, असे ती सांगे. आणि पुढे अभिमानाने जोडी, "ती आपल्यातलीच हाय गं, निपाणीकडची." त्या 'आपल्यातली' या शब्दात जो ओलावा होता, तो मी पुढे कोणत्याही समीक्षेत वाचला नाही.

त्या काळी स्त्रीने तोंडाला रंग लावणे ही किती मोठी गोष्ट होती, हे आजच्या मुलींना सांगावे लागते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाला करावे लागले. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, तो मोठ्या धाडसाचा प्रसंग होता. रंगभूमीवर तर बालगंधर्वांच्या शालूला आणि चालण्याला पाहून घरंदाज स्त्रिया आपली राहणी ठरवीत. परंतु त्यांच्यापैकी कोणी स्वतः रंगभूमीवर जाण्याचे मनात आणले असते, तर घराचे दार बंद झाले असते. १९३२ मध्ये कोल्हापुरात तयार झालेल्या 'अयोध्येचा राजा' या चित्रपटात दुर्गाबाई खोट्यांनी तारामती साकारली आणि ते दार थोडेसे किलकिले झाले. आपल्या कर्नाटकातलेच आणखी एक उदाहरण द्यावयाचे, तर हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या शांता हुबळीकर कानडी रंगभूमीवरून मराठी पडद्यावर आल्या आणि १९३९ च्या 'माणूस' या चित्रपटाने घराघरांत पोहोचल्या. कला भाषेची वेस सहज ओलांडते, याचा हा आपल्याच मुलखातील दाखला होय.

खडकलाटची ही मुलगी कोल्हापुरात आली ती १९४३ च्या सुमारास. मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये तिने प्रवेश केला. तेथेच तिच्याहून वर्षभराने लहान असलेली आणखी एक मुलगी घरच्या गरजेपोटी लहानसहान भूमिका करीत होती. तिचे नाव लता मंगेशकर. एकीचे तेज पुढे गळ्यातून प्रकटले, दुसरीचे डोळ्यांतून. विनायकरावांनी आपली संस्था मुंबईस हलविली, तेव्हा सुलोचनाबाई कोल्हापुरातच राहिल्या आणि भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत दाखल झाल्या. त्यांचे घरचे नाव निराळे होते. त्यांचे बोलके डोळे पाहून भालजींनी 'सुलोचना' हे नाव ठेवले. नावाप्रमाणे माणूस घडतो की माणसाप्रमाणे नाव सुचते, हे सांगणे कठीण. येथे मात्र दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या.

खेड्यातून आलेल्या या मुलीची बोली खेड्यातलीच होती. पडद्यावरचे संवाद त्या काळी ग्रांथिक मराठीत असत. एकेक उच्चार घासून, पुसून, पुन्हा म्हणून तिला आपली वाणी घडवावी लागली. ही गोष्ट मला शिक्षिका म्हणून अतिशय जवळची वाटते. आमच्या वर्गातील मुलेही घरी "काय करूलालास" म्हणतात आणि वहीत "काय करीत आहेस" असे लिहितात. एका वक्तृत्व स्पर्धेत आमच्या एका मुलीने सुंदर भाषण केले. मध्येच एक घरगुती शब्द तिच्या तोंडून निसटला आणि श्रोत्यांत हशा पिकला. मुलगी खाली आली ती मान घालूनच. परतीच्या वाटेवर मी तिला सुलोचनाबाईंची हकीकत सांगितली. प्रमाण मराठी शिकावी, ती उत्तमच शिकावी. परंतु आजीची बोली टाकून देऊन नव्हे. कारण पुढे ज्या ग्रामीण स्त्रिया सुलोचनाबाईंनी पडद्यावर उभ्या केल्या, त्यांचे चालणे, पदर सावरणे, चुलीपुढे बसणे हे कोणत्याही शाळेत शिकविले जात नाही. ते खडकलाटचेच देणे होते.

१९४६ च्या 'सासुरवास'पासून त्या ठळकपणे लोकांपुढे आल्या. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि त्यात 'मीठभाकर' या चित्रपटाचेही भस्म झाले. भालजींनी हाय खाल्ली नाही. तोच चित्रपट त्यांनी पुन्हा उभा केला आणि १९४९ मध्ये तो लोकांपुढे आला. एकदा मन लावून केलेले काम राखेतून पुन्हा पहिल्यापासून करावयाचे, आणि तेही तितक्याच निष्ठेने, हा धडा सुलोचनाबाईंना वयाच्या विशीतच मिळाला. पुढील अनेक वर्षांच्या त्यांच्या कामातील संथ, न थकणाऱ्या शिस्तीचे मूळ मला तेथे दिसते.

१९५३ मध्ये शांताराम आठवले यांचा 'वहिनींच्या बांगड्या' आला. पोरक्या दिराला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविणाऱ्या वहिनीची ही कथा. त्या वेळी सुलोचनाबाईंचे वय अवघे पंचवीस. परंतु त्यांनी उभी केलेली वहिनी इतकी खरी होती, की मराठी घरांत 'वहिनी' या शब्दालाच एक नवे वजन आले. १९६१ मध्ये हाच चित्रपट 'भाभी की चूडियाँ' या नावाने हिंदीत झाला आणि तेथे ती भूमिका मीनाकुमारीने केली.

यानंतर त्यांच्या आयुष्यात एक वळण आले. १९५९ मध्ये बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त त्यांनी आईची भूमिका स्वीकारली, आणि त्याच वर्षीच्या 'दिल देके देखो'मध्येही त्या आईच्याच भूमिकेत दिसल्या. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. 'सुजाता'ची नायिका नूतन त्यांच्याहून पुरती आठ वर्षेही लहान नव्हती! पुढे १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये त्या देव आनंद यांच्या आई झाल्या. आणि देव आनंद तर त्यांच्याहून जवळजवळ पाच वर्षांनी मोठे. पुरुष वयाने वाढला तरी नायकच राहतो आणि स्त्री तिशी ओलांडताच आई होते, हा या व्यवसायाचा न्याय मला कधीच पटला नाही. परंतु सुलोचनाबाईंनी त्या न्यायापुढे रडगाणे गायिले नाही. मिळालेल्या चौकटीतच त्यांनी इतके खोल खणले, की तेथे पाणी लागले.

'सुजाता'तील चारू ही साधीसरळ, प्रेमळ आई नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील एक अनाथ मुलगी तिच्या घरी वाढते. चारू तिला खाऊपिऊ घालते, तिच्यावर मायाही करते. परंतु ती आपली मुलगी आहे असे म्हणत नाही, 'मुलीसारखी' आहे असे म्हणते. त्या एका 'सारखी' या शब्दात शेकडो वर्षांचा अन्याय दडलेला आहे. अखेर जिना उतरताना चारू पडते, तिला रक्ताची गरज भासते, आणि जुळते ते सुजाताचेच रक्त. तेव्हा कोठे तो 'सारखी' गळून पडतो. मनातून चांगली असूनही चुकीच्या रूढीत अडकलेली स्त्री दाखविणे, हे दुष्ट सासू किंवा देवतुल्य आई दाखविण्यापेक्षा कितीतरी अवघड. प्रेक्षकाला तिचा राग यावा आणि कीवही यावी, हे सुलोचनाबाईंनी साधले. आपल्या घरांतही असे 'सारखे' किती असतात, हे ज्याने त्याने पाहावे.

मराठीत तर त्यांच्या आया एकाहून एक वेगळ्या आहेत. १९६१ च्या 'प्रपंच'मध्ये कर्जाने पिचलेल्या कुंभाराच्या घरातील पारू. १९६३ च्या 'मोलकरीण'मध्ये शिकून मोठ्या झालेल्या मुलाच्याच घरी मोलकरीण म्हणून राबणारी आई. १९६८ च्या 'एकटी'मध्ये काशिनाथ घाणेकर यांनी रंगविलेल्या मुलाची आई. पुढे घाणेकर त्यांचे जावई झाले, हा योगायोगच म्हणावयाचा. आणि १९६४ च्या भालजींच्या 'मराठा तितुका मेळवावा'मधील जिजाऊ! आमच्या गावाच्या माथ्यावर राजहंसगड उभा आहे. तेथे २०२३ मध्ये शिवछत्रपतींचा भव्य पुतळा उभारला गेला. गडाकडे पाहत वाढलेल्या आमच्या पिढीच्या मनात जिजाऊंची जी मूर्ती आहे, तिला चेहरा सुलोचनाबाईंचा आहे.

मागे एकदा स्नेहसंमेलनासाठी आम्ही शिवजन्माचा एक छोटा नाट्यप्रवेश बसविला. जिजाऊंच्या कामासाठी निवडलेली मुलगी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली. शेतातून थेट, पायांना चिखल तसाच. "बाई, नाटकात काम केलं की पोरीला नावं ठेवतात लोक. उद्या लग्नाचं बघायचं आहे," ती म्हणाली. तिच्या शब्दांत हट्ट नव्हता, भीती होती. गावच्या यात्रेतील नाटकांत स्त्रियांची कामे करावयास बाहेरून नट्या आणतात. लोक त्यांना टाळ्या देतात आणि पाठीमागे शिव्याही देतात, हे तिने पाहिले होते. तिला मी उपदेश केला नाही. एवढेच विचारले, "तुम्ही सुलोचना पाहिली आहे का?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ती होय? ती कुठं नटी? ती आईच की!" मग मी तिला सांगितले, की ती नटीच होती, पोटासाठी आणि कलेसाठी रोज तोंडाला रंग लावणारी, नवे संवाद पाठ करणारी, आणि घरी आपल्याही मुलीला वाढविणारी. खडकलाटची होती. ती बाई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी तालमीला आली. संमेलनाच्या रात्री आई मागच्या रांगेत, पदराचे टोक दातांत धरून, उभीच होती.

त्या बाईच्या उद्गारात एक मोठी गोष्ट आहे, असे मला वाटते. अभिनय इतका खरा व्हावा, की तो अभिनय आहे हे लोकांनी विसरून जावे, हे कलावंताचे परम यश होय. परंतु त्यातच कलावंताचा विसर पडण्याचाही धोका असतो. 'ती आईच होती' असे म्हणताना तिने त्यासाठी किती शिकले, किती सोसले, हे आपण विसरतो. घरातल्या आईचेही असेच होते. तिचे राबणे हा तिचा स्वभावच आहे असे आपण धरून चालतो. त्यात कष्ट आहेत, कौशल्य आहे, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

सुलोचनाबाईंनी हिंदीत अडीचशेच्या आसपास आणि मराठीत पन्नासाच्या आसपास चित्रपट केले, असे सांगतात. १९९९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २००९ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कारही त्यांना लाभला. ४ जून २०२३ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या दिवशी आमच्या गल्लीतील ज्या वृद्ध बायकांनी एकमेकींना ही बातमी सांगितली, त्यांच्यापैकी कोणी पद्मश्रीचा उल्लेख केला नाही. "आपली सुलोचना गेली," एवढेच त्या म्हणाल्या.

विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी शिक्षिका, कोणी भातशेतीच उत्तम करील. एखादीला रंगभूमीची ओढ लागली, तर तिनेही संकोच करू नये. येळ्ळूरहून बेळगावचा रस्ता आज आजीच्या काळाहून पुष्कळ जवळचा झाला आहे. मात्र जे काही कराल, ते खडकलाटच्या त्या मुलीने केले तसे, मन ओतून करा; आणि संध्याकाळी घरी गेल्यावर, शेतातून परत आलेल्या आईच्या हातातली घागर आधी उतरवून घ्या.