स्वतःच बांधू या का काचघर?

१८५१ साली लंडनमध्ये लोखंड आणि काचेचा एक भलामोठा महाल उभा राहिला, ‘क्रिस्टल पॅलेस’. त्याचा आराखडा कुणी केला, माहितेय? जोसेफ पॅक्स्टन नावाच्या एका माळ्याने! झाडांसाठी काचघरं बांधता बांधता तो ही विद्या शिकला होता. मग आपणही एखादं छोटंसं काचघर का बांधू नये?

मला ते हवंय आजीसाठी. तिचे गुडघे दुखतात. दोन जिने उतरून बागेत जाणं आता तिला जमत नाही. पण आमच्या घराला लागूनच छोटी गच्ची आहे. शिवाय गल्लीतला एक जुना वाडा पाडतायत, त्याच्या काचेच्या खिडक्या स्वस्तात मिळतील. बाबा म्हणाले, “आधी वहीत बांध, मग गच्चीत!”

घेतली वही. चार मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच साधारण दहा किलो भरते. दोन मीटर लांब, रुंद आणि उंच खोली धरली. एक बाजू घराच्या भिंतीची. उरल्या तीन बाजू आणि छप्पर, म्हणजे सोळा चौरस मीटर. नुसती काचच १६० किलो! चौकटी वेगळ्याच. त्यात वळवाचा सोसाट्याचा वारा. डोक्यावरची काच निखळली तर?

दुसरा प्रश्न उन्हाचा. इंग्लंडसारख्या थंड देशात काचघर ऊब साठवतं. ऊन काचेतून आत येतं, पण आतली तापलेली हवा बाहेर निसटू शकत नाही. आपल्या पुण्यात मात्र एप्रिलमध्ये आत बसलेल्या माणसाचं भरीतच व्हायचं! आजीला विचारलं, तर ती म्हणाली, “काच कशाला रे? मला वारा हवा.”

झालं, काच बाद! आता वर हिरवी शेडनेट, निम्मं ऊन अडवणारी, आणि बाजू मोकळ्या. गच्चीवर किती वजन चालेल, ते इंजिनिअरकाकांना विचारायचं. सोसायटीची परवानगी बाबा काढतील. लोखंडी सांगाडा वेल्डरकाका करतील. जाळी ताणून बांधणं, कुंड्या भरणं, सुतळीवर गोकर्णीचा वेल चढवणं हे सगळं माझं काम.

तुम्हीही काही बांधायला निघालात, तर वहीत दोन रकाने पाडा. ‘हे मी करीन’ आणि ‘हे जाणकाराकडून करून घेईन’. आणि हो, ज्याच्यासाठी बांधताय त्याला सगळ्यात आधी विचारा बरं का!